न टिकणारा सा

बीच बॉईज हा अमेरिकन बँड म्हटला की बहुतेकांना समुद्र, लाटांवरच्या फळ्या आणि मोटारी आठवतात. त्यांच्या १९७० सालच्या ‘सनफ्लॉवर’ या अल्बममधले ‘धिस होल वर्ल्ड’ मात्र निष्ठावंत चाहते सोडले तर फारसे कुणाला ठाऊक नसते. तो अल्बमच बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत १५१व्या क्रमांकावर अडकला, तिथे त्यातल्या जेमतेम दोन मिनिटांच्या गाण्याला कोण विचारणार?

हे गाणे मी पेटीवर वाजवायला घेतले आणि चांगलीच फसले. आपल्याकडे एकदा षड्ज ठरला की मैफल संपेपर्यंत तानपुरा त्याला हलू देत नाही. इथे मात्र एक पट्टी सा मानून सुरुवात करावी, तर थोड्याच वेळात तो सा परका होतो, आणि धडपडून नवा शोधावा, तर तोही काही ओळींचाच सोबती निघतो. गंमत म्हणजे नुसते ऐकताना यातला एकही धक्का जाणवत नाही. कार्ल विल्सनचा स्वच्छ, मोकळा आवाज पुढे चालत राहतो आणि मागचे आवाज त्याच्या पायाखाली प्रत्येक वेळी नवी जमीन अलगद सरकवतात.

ही रचना त्याच्या थोरल्या भावाची, ब्रायनची. उजव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नसे, तरीही कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावच्या घरात, रात्री एकाच खोलीत झोपणाऱ्या धाकट्या डेनिस आणि कार्लला कुणी कोणता सूर धरायचा हे त्यानेच शिकवले होते. पुढे त्यांना येऊन मिळालेला माइक लव्ह हा त्यांचा आतेभाऊ. याच आतेभावाने १९९०च्या दशकात गीतांच्या श्रेयावरून ब्रायनला कोर्टात खेचले, म्हणजे भाऊबंदकी काही आपलीच मिरासदारी नव्हे. मात्र ध्वनिमुद्रणात या मंडळींचे आवाज असे मिसळतात की कोणता कुणाचा, हे सांगताना मी आजही चुकते.

कार्लच्या ओळींमागे निरर्थक अक्षरांचा एक ठेका येतो. त्याचे पहिले अक्षर मला थेट ‘ओम्’ ऐकू येते आणि माइक १९६८ साली हृषीकेशला महेश योगींच्या आश्रमात राहून आला होता, हे आठवले की तो माझ्या कानांचा भ्रम वाटत नाही. निदान या ओम्‌शी तरी आपला सा जुळेल, अशा आशेने मी परवा पुन्हा पेटीचा भाता उघडला. जुळला, पण ओळभरच.