तळापासून वर: ग्लासगोतल्या जुन्या घराची लादी, नळ आणि रंग

घराचं काम काढलंय म्हटल्यावर भारतातून पहिला प्रश्न येतो तो लादीचा. कुठली लावताय, मार्बल की व्हिट्रिफाइड, फोटो पाठवा. बरेच दिवस आमच्याकडे पाठवण्यासारखा फोटोच नव्हता. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या जुन्या टेनेमेंटमध्ये लादीचा विषय निघाला की आधी लादीखाली काय आहे ते बघावं लागतं. नळाचं तेच, रंगाचंही तेच. या घरातली प्रत्येक निवड अशी आतून बाहेर, तळापासून वर झाली, आणि जुन्या घरात ती तशीच व्हावी असं माझं ठाम मत झालं आहे.

टेनेमेंट म्हणजे वालुकाश्माची तीन-चार मजली इमारत, आत एक सामायिक जिना आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरं. शहराचा मोठा भाग अशा इमारतींचा आहे. बऱ्याचशा व्हिक्टोरिया राणीच्या आणि तिच्यानंतर सातव्या एडवर्डच्या काळात उभ्या राहिल्या. काही जिन्यांच्या भिंतींना अजून त्या वेळच्या हिरव्या-तपकिरी चकचकीत टाइल्स आहेत, आणि शंभर वर्षांनंतरही त्या पुसल्या की नव्यासारख्या दिसतात. बाहेरच्या भिंती जाड दगडी, पण मजल्यांच्या जमिनी लाकडी. स्लॅब नावाची गोष्टच नाही. खाली वासे, वर पाइनच्या फळ्या, आणि वाशांमधल्या पोकळीत राख भरलेली. सुताराने एक फळी उचलून दाखवली तेव्हा ती काळपट राख मी पहिल्यांदा पाहिली. त्या काळी आवाज अडवायला ती भरत. बोलण्याचा, रेडिओचा आवाज जड वस्तूने अडतो, म्हणून राखेचा आजही उपयोग होतो. पावलांचा आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज मात्र लाकडातूनच खाली जातो. तो अडवायला वर काहीतरी मऊ लागतं.

म्हणून इथे फ्लोअरिंग निवडताना तुमच्याइतकाच खालच्या शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. जुन्या फळ्या घासून, पॉलिश करून उघड्या ठेवणं ही इथली मोठी हौस आहे आणि त्या दिसतातही सुंदर. पण फळ्यांमधल्या फटींतून गार वारा वर येतो आणि प्रत्येक पाऊल खाली ऐकू जातं. काही इमारतींच्या मालकीपत्रात कठीण फ्लोअरिंगवर बंधनंही असतात. घर घेतानाच ती वकिलाकडून समजून घ्यावीत. आम्ही झोपायच्या खोल्यांत जाड अंडरले घालून गालिचा केला. पॅसेज आणि बैठकीच्या खोलीत आवाज शोषणाऱ्या चटईवर इंजिनिअर्ड ओक बसवला. इंजिनिअर्ड म्हणजे वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडव्या-उभ्या थरांची प्लाय. अखंड लाकडापेक्षा तो कमी फुगतो, कमी आकसतो, आणि हिवाळ्यात हीटिंग चालू, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या अशा घरात हाच गुण सगळ्यात मोलाचा. तरीही भिंतीलगत साधारण १० मिलिमीटरची फट सोडावी लागते, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आणि फळ्यांचे खोके बसवण्याआधी काही दिवस त्याच खोलीत ठेवायचे, म्हणजे लाकूड तिथल्या हवेला सरावतं. घाईत सगळ्यात आधी हेच वगळलं जातं.

जुना गालिचा उचलताना एक काळजी मात्र जरूर घ्या. खाली विनाइलच्या जुन्या टाइल्स आणि काळा डांबरी गोंद दिसला तर हात तिथेच थांबवायचा. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर, म्हणजे फुप्फुसांना घातक अशा तंतुमय खनिजावर, पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. त्याआधीच्या टाइल्समध्ये, गोंदात, छताच्या खडबडीत नक्षीदार लेपातही ते असू शकतं. नमुना प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत घासणं, खरवडणं, तोडणं बंद. यात काटकसर करू नका.

बाथरूमने आम्हाला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. आपल्याकडे बाथरूमची अख्खी जमीन ओली होण्यासाठीच असते, एका कोपऱ्यात उतार आणि जाळी. इथे शॉवरच्या जागेबाहेर पाणी जायला वाटच नसते. बादलीभर पाणी ओतून फरशी धुतली तर ते फळ्यांमधून राखेत आणि तिथून खालच्यांच्या छतात. म्हणून शॉवरची जागा आतून पूर्ण वॉटरप्रूफ करून घेणं हे टाइल निवडण्याच्या आधीचं काम. लाकडी जमीन चालताना किंचित लवते, टाइल लवत नाही. त्यामुळे थेट फळ्यांवर लावलेली टाइल आज ना उद्या तडकते. मध्ये सिमेंट बोर्ड किंवा तसाच दुसरा थर, आणि लवचीक प्रकारचा टाइल ॲढेसिव्ह. वजनही बघावं लागतं: १० मिलिमीटर जाडीची पोर्सलीन टाइल चौरस मीटरला वीस किलोच्या वर जाते, शिवाय बोर्ड आणि ॲढेसिव्ह. वासे ठाकठीक आहेत ना हे सुताराने आधी सांगितल्यावरच आम्ही टाइलच्या दुकानात पाऊल ठेवलं.

दुकानात प्रत्येक टाइलवर ‘आर ९’, ‘आर १०’, ‘आर ११’ असं लिहिलेलं दिसतं. तो पायाला मिळणाऱ्या पकडीचा अंदाज आहे, पण ती जर्मन चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर करतात. ओल्या, अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे आणि तिचे वर्ग ए, बी, सी असे असतात. शॉवरच्या जमिनीसाठी निदान ‘बी’ मागावा. ब्रिटनमध्ये लंबकाच्या चाचणीचा (झुलता रबरी तुकडा जमिनीवर घासून केलेल्या) आकडाही मागता येतो. ओल्या पृष्ठभागावर तो ३६ किंवा त्याहून जास्त असेल तर घसरण्याचा धोका कमी समजतात. वडीलधारी माणसं राहायला येणार असतील तर रंगाच्या आधी हा आकडा विचारा. छोट्या टाइल्स घेतल्या तर ग्राउटच्या (टाइल्समधल्या फटी भरणाऱ्या मसाल्याच्या) रेघा वाढतात आणि पायाला पकडही वाढते. शॉवरच्या खाली आम्ही त्याच घेतल्या. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट भरू देऊ नका. तिथे सिलिकॉनच हवा, कारण कोपरा हलतो आणि ग्राउट फुटतो.

बाथरूममध्ये विजेचं नेहमीचं सॉकेट का नाही, असं आल्या पाहुण्यांपैकी प्रत्येक जण विचारतो. शॉवर किंवा टबाच्या भागाच्या सीमेपासून २.५ मीटरच्या आत ते लावता येत नाही, आणि इथल्या बाथरूमांमध्ये तेवढं अंतर सहसा मिळतच नाही. दाढीच्या यंत्रापुरतं खास सॉकेट चालतं. दिव्याचं बटण बाहेर, नाहीतर छतावरून लोंबणारी दोरी.

आता पाणी. ग्लासगोला पाणी येतं ते लॉख कॅट्रिन या डोंगरातल्या तलावातून. ती योजना १८५९ साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते सुरू झाली आणि पाणी उताराच्या जोरावर शहराकडे येतं. ते इतकं मृदू आहे की किटलीत क्षार धरत नाही, नळावर पांढरे ओघळ उमटत नाहीत. लंडनमध्ये राहणारी माझी मैत्रीण काळ्या मॅट नळाच्या नावानेच हात जोडते, कारण तिथल्या जड पाण्याचा प्रत्येक थेंब त्यावर डाग ठेवून जातो. आमच्याकडे तोच नळ निर्धास्त लावता येतो. तुम्ही जगात कुठेही असा, नळाचा रंग ठरवण्याआधी पाणी कसं आहे ते बघा.

पण मृदू पाण्याची दुसरी बाजू गंभीर आहे: शिशाच्या नळ्यांमधलं शिसं ते जास्त विरघळवतं. १९७० च्या आधीच्या घरांत अशा नळ्या अजून निघतात. पाण्यात फॉस्फेट मिसळून हा धोका कमी करतात, तरी नळी बदलणं हाच खरा उपाय. स्वयंपाकघराच्या सिंकखाली करड्या रंगाची, नाण्याने खरवडल्यावर चकाकणारी मऊ नळी दिसली तर नव्या नळाचे पैसे आधी तिथे घाला. घरात लहान मूल असेल तर यावर दुसरं मतच नको.

गीझरच्या जागी इथे बहुतेक घरांत कॉम्बी बॉयलर असतो, जो लागेल तसं पाणी तापवतो. त्यामुळे मिनिटाला किती लिटर गरम पाणी मिळेल हे बॉयलर ठरवतो, शॉवर नाही. ताटाएवढ्या मोठ्या शॉवरहेडला छोटा बॉयलर पुरा पडत नाही. टबाच्या नळाला येणारं पाणी ४८ अंशांपेक्षा गरम नसावं असं स्कॉटलंडचं बांधकामाचं मानक सांगतं, त्यासाठी एक मिसळणारा व्हॉल्व्ह बसवतात.

भिंतींबद्दल थोडं सविस्तर सांगते. जुन्या दगडी भिंती थोडी ओल घेतात आणि सोडतात. इथे पाऊस वर्षभर, त्यामुळे हे सोडणं चालू राहायला हवं. आतून प्लास्टिकसारखा थर देणारा धुण्याजोगा रंग लावला की ओल अडकते आणि रंगाला फोड येतात. बाहेरच्या भिंतींना म्हणूनच आतल्या बाजूने चुन्याचा गिलावा आणि वाफ जाऊ देणारा रंग दिला. नव्या गिलाव्यावर पहिला हात पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा, नाहीतर वरचा रंग सोलून निघतो.

आणि उजेड! ग्लासगो जवळजवळ ५६ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो आणि पावणेचारला मावळतो. उत्तरेकडच्या खोलीत थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. तिथे शुभ्र पांढरा रंग करडा, आजारी दिसतो. आम्ही मोठ्या पुठ्ठ्यांवर रंगाचे दोन-दोन हात देऊन ते सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली वेगवेगळ्या भिंतींशी धरून पाहिले. हिवाळ्यात घर निम्म्याहून जास्त वेळ दिव्यावरच असतं, म्हणून आधी बल्ब ठरवले, २७०० केल्विनचे पिवळसर, मग रंग. उत्तरेच्या खोलीला शेवटी जुन्या हस्तिदंताच्या जवळचा पिवळट पांढरा दिला. दुकानातल्या कार्डावर तो मला अजिबात आवडला नव्हता.

स्वयंपाकघराचा ओटा निवडताना हळद डोळ्यांसमोर होती. तिचा डाग उन्हात उडतो, पण इथे ऊन कुठून आणायचं? म्हणून पांढरा ग्राउट आणि फिकट मॅट ओटा आम्ही टाळला. क्वार्ट्झचा, म्हणजे दगडाचा चुरा आणि राळ मिळून बनवलेल्या कृत्रिम दगडाचा, ओटा नाकारण्याला दुसरंही कारण होतं. त्यात सिलिकाचं प्रमाण खूप जास्त असू शकतं, तो कोरडा कापताना उडणारी धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत जाते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. आपल्या ओट्यासाठी कुणाचा तरी श्वास जावा हे मला पटलं नाही. आम्ही गडद रंगाचा चांगला लॅमिनेट घेतला, गरम कढईसाठी जाड लाकडी पाट जवळ ठेवला. छताला टांगलेली, दोरीने खाली-वर होणारी कपडे वाळवायची जुनी दांडी मात्र तशीच ठेवली. इथे तिला पुली म्हणतात आणि ती थेट आपल्या गॅलरीतल्यासारखीच आहे.

छतावर काय लावायचं यात एक गोष्ट तुमच्या हातात नाही: १ फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घरात बैठकीच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराचा, स्वयंपाकघरात उष्णतेचा अलार्म हवा, आणि एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. छत रंगवण्याआधी त्यांच्या जागा ठरवून घ्या.

खरेदी करताना टाइल आणि लाकूड हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त मागवा, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे हे माल उतरवून घेतानाच तपासा. तोच मॉडेल क्रमांक असूनही दुसऱ्या बॅचची छटा वेगळी निघते. उरलेल्या टाइल्स परत करू नका. पुढे कधी नळी बदलायला चार टाइल्स फोडाव्या लागतील तेव्हा ती छटा बाजारात मिळणार नाही.