भिंतीतली पाचवी वायर

आमच्या पॅसेजच्या भिंतीवर एक पिवळट पडलेला गोल डबा होता, घर किती तापवायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट. घर घेतलं तेव्हापासून होता, आणि त्याची दखल फक्त थंडी वाजली की घेतली जायची. चकती फिरवायची, काटा पुढे सरकवायचा, थोड्या वेळाने तळघरात फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, धडधडू लागायचा. रात्री झोपताना कोणीतरी काटा मागे आणायचा आणि सकाळी कोणीतरी पुढे न्यायचा, असा आमचा अलिखित करार होता. 'कोणीतरी' म्हणजे घरात सगळ्यात आधी उठणारी मी. पहाटे गारठलेल्या फरशीवर पाय टेकला की रोज ठरवायचे, यंदा हे बदलायचंच. तीन हिवाळे असेच गेले.

शेवटी एका रविवारी डब्याचं झाकण काढून पाहिलं, आणि खरं सांगते, तो काढून टाकायचा विचार घटकाभर डळमळला. आत धातूची एक चपटी गुंडाळी आणि तिच्या टोकाला काचेची छोटी कुपी. कुपीत पाऱ्याचा थेंब. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. गरम-गार झालं की दोन्ही कमी-जास्त पसरतात, त्यामुळे गुंडाळी सुटते किंवा आवळते, कुपी कलते, पारा घरंगळून दोन तारांना जोडतो आणि फर्नेसला निरोप जातो. ना बॅटरी, ना स्क्रीन. हनीवेल कंपनीचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट १९५३ साली आला, हेन्री ड्रायफस यांनी त्याला रूप दिलं. आमचा त्याच घराण्यातला असावा. इतक्या साध्या युक्तीवर घरंच्या घरं ऊबदार राहिली.

पण पहाटेची फरशी काही विसरता येईना.

मी आधी साध्या प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटच्या बाजूने होते. आठवड्याचं वेळापत्रक एकदा भरून ठेवायचं, संपलं. मग वाचनात आलं की अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशा थर्मोस्टॅटना दिलं जाणारं 'एनर्जी स्टार' हे मानचिन्ह २००९ च्या अखेरीस काढून घेतलं होतं. यंत्रात खोट नव्हती. लोक वेळापत्रक भरतच नव्हते, किंवा भरलेलं 'होल्ड'चं बटण दाबून कायमचं गोठवून टाकत होते, त्यामुळे अपेक्षित बचत प्रत्यक्षात दिसेना. हे वाचून मी आमच्या वॉशिंग मशीनकडे पाहिलं. चौदा प्रोग्रॅम आहेत त्याला. वापरात एक.

तेव्हा स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यायचं ठरलं. आपण घरात आहोत की नाही हे स्वतः ओळखणारा, फोनवरून बदलता येणारा. सवयी शिकून घेणारा 'नेस्ट' २०११ साली आला तेव्हापासून ही जात चांगलीच रुळली आहे. मी दोन आठवडे वेगवेगळ्या मॉडेलांची तुलना करत बसले: कोणाची स्क्रीन मोठी, कोणाचं ॲप सुटसुटीत, कोण कोणत्या स्पीकरशी बोलतो. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "पण आपल्या भिंतीत वायरी किती आहेत?" मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

निवड खरं तर तिथूनच सुरू करायला हवी होती. काही घरांत प्रत्येक खोलीत विजेचा हीटर असतो आणि त्याच्या थर्मोस्टॅटमधून घरातली मेनची वीज थेट जाते. तिथे जाड वायरी दिसतात, आणि हे नेहमीचे स्मार्ट थर्मोस्टॅट तिथे लावणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांच्यासाठी वेगळी उपकरणं मिळतात. आमच्याकडे बारीक रंगीत वायरी होत्या, म्हणजे २४ व्होल्टचं काम. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर मेनच्या विजेचे २४ व्होल्ट करून वर पाठवतो. 'आर' या टर्मिनलवरून वीज येते, 'डब्ल्यू'ला जोडली की हीटिंग चालू, 'वाय'ला जोडली की एसीचा कॉम्प्रेसर, 'जी'ला जोडली की पंखा. थर्मोस्टॅट म्हणजे इतकंच: कोणाला कोणाशी कधी जोडायचं हे ठरवणारा स्विच.

मेख आहे ती 'सी'मध्ये. जुन्या डब्याला स्वतःसाठी वीज लागतच नव्हती. नव्याला स्क्रीन आहे, वाय-फाय आहे, त्याला चोवीस तास वीज हवी, आणि वीज नुसती येऊन भागत नाही, तिला परत जायलाही वाट लागते. ती परतीची वाट म्हणजे 'सी' वायर. काही मॉडेलं ती नसली तरी चालतात म्हणून सांगतात. ती हीटिंगच्या किंवा कूलिंगच्या वायरीतून थोडी थोडी वीज चोरून आपली बॅटरी भरून घेतात. बहुतेक घरांत हे जमतंही, पण एखाद्या फर्नेसला ही चोरी मानवत नाही आणि तो मध्येच कुरकुर करतो. मला चोरीच्या विजेवर संसार नको होता. दुसरे मार्ग दोन: फर्नेसपाशी ॲडॉप्टर बसवून चार वायरींत पाचांचं काम करून घ्यायचं, नाहीतर जवळच्या सॉकेटमध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर खोचून भिंतीवरून वायर लोंबत ठेवायची. लोंबत्या वायरीवर सासूबाईंनी एका नजरेत नकाराधिकार वापरला.

डबा भिंतीवरून उतरवला तेव्हा मागे चार वायरी. फोटो काढला, प्रत्येकीला अक्षराची चिठ्ठी चिकटवली. हे करा, कंटाळा करू नका. आमच्याकडे आधी कोणीतरी हाताला लागेल ती वायर जोडली होती: 'वाय'वर पांढरी, 'डब्ल्यू'वर पिवळी. रंगावर विसंबले असते तर हीटिंग मागितल्यावर कॉम्प्रेसर सुरू झाला असता. आणि मग टॉर्च मारून भोकात डोकावले तर केबलच्या वेष्टनाला वेटोळं घालून बसलेली निळी वायर दिसली. पाचवी! कोणा अनामिक कारागिराने वर्षांपूर्वी एक वायर जास्तीची टाकून ठेवली होती. त्याचं भलं होवो.

तळघरात फर्नेसचं झाकण काढलं. निळ्या वायरीचं दुसरं टोकही तिथे तसंच गुंडाळलेलं होतं. ते सोलून बोर्डावरच्या 'सी'च्या स्क्रूखाली आवळलं, झाकण लावलं, वर आले. इथवर मी स्वतःवर भलतीच खूष होते.

आता चूक. काम सुरू करण्याआधी मी ब्रेकर पाडला होता, ज्यावर 'एसी' असं लिहिलं होतं तो. मला वाटलं, हीटिंग आणि कूलिंग एकाच कुटुंबातले, एकाच ब्रेकरवर असणार. तो ब्रेकर निघाला फक्त बाहेरच्या युनिटचा. फर्नेसचा वेगळा होता. तळघरात काम करताना काही झालं नाही, कारण फर्नेसचं झाकण काढलं की दारापाशी एक सुरक्षेचा स्विच असतो तो वीज तोडतो. झाकण परत लावताना मीच ती वीज पुन्हा चालू केली, आणि निळी वायर, जी तोवर बिचारी निरुपयोगी होती, ती आता परतीची वाट झालेली. वर 'आर'ची वायर सरळ करताना निळीला टेकली. चर्र. एवढीशी ठिणगी. २४ व्होल्टचा काही झटका बसला नाही, पण पोटात गोळा आला.

नवा थर्मोस्टॅट बसवला, स्क्रीन काळीच. ड्रॉवरमधला मल्टिमीटर, जो आधी काढायला हवा होता, तो आता काढला. 'आर' आणि 'सी'मध्ये २४ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले शून्य. खाली जाऊन पाहिलं तर बोर्डावरचा जांभळा फ्यूज उडाला होता. ३ अँपिअरचा, गाडीत असतात तसाच चपटा. नवरा उत्साहाने गाडीच्या डब्यातून फ्यूज घेऊन आला, पण तो १० चा. "बसतोय की," तो म्हणाला. बसतोय हे खरं, पण पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळाला असता. स्वतः मरून घरधन्याला वाचवायचं, तसलं फ्यूजचं काम. त्याच आकड्याचा फ्यूज मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. ती रात्र आम्ही अंगावर घरातली सगळी ब्लँकेटं घेऊन काढली.

"जुना डबा मुका होता," सासूबाई अंधारात म्हणाल्या, "पण घर तापवत होता."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

फ्यूज बदलल्यावर बाकीचं भराभर झालं. या वेळी दोन्ही ब्रेकर पाडून, मल्टिमीटरने शून्य पाहून मगच हात लावला. पाया भिंतीवर लेव्हल धरून ठोकला, वायरी खोचल्या, तोंड दाबून बसवलं. फर्नेस गॅसचा की विजेचा असं नव्या थर्मोस्टॅटने विचारलं, ते मात्र नीट उत्तर देण्यासारखं आहे: गॅसचा फर्नेस आपला पंखा आपण सुरू करतो, विजेच्या बाबतीत तो थर्मोस्टॅटला सुरू करावा लागतो. वाय-फायला तो जोडला जाईना, कारण त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क कळत होतं आणि मी त्याला ५ चं देत होते. एसीची परीक्षा उन्हाळ्यावर ढकलली, कारण बाहेर कडाक्याची थंडी असताना कॉम्प्रेसर चालवून बघणं त्याला मानवत नाही. जुना डबा पाऱ्यासकट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवला आणि घातक कचरा घेतात तिथे देऊन आले. तो कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नसतो. कुपी फुटली तर पारा घरभर पसरतो आणि त्याची वाफ विषारी असते.

मग सुरू झाला खरा संसार.

दुसऱ्याच दिवशी स्क्रीनवर १७ अंश आणि दिवाणखान्यातल्या साध्या थर्मामीटरवर जवळजवळ २०. फर्नेस थांबायचं नाव घेईना. यंत्र परत करायच्या विचारात होते, तेवढ्यात थर्मोस्टॅटच्या कडेला बोट लावलं तर गार झुळूक लागली. वायरीसाठी पाडलेल्या भोकातून भिंतीच्या पोकळीतली थंड हवा थेट सेन्सरवर येत होती, आणि बिचारा ती हवा म्हणजेच घर समजत होता. भोक पुट्टीने बुजवलं, संध्याकाळपर्यंत दोन्ही आकडे जुळले.

त्यानंतर तक्रार आली ती सासूबाईंच्या खोलीतून. त्या दुपारी आपल्या खोलीत तासन् तास वाचत बसतात. पॅसेजमधून कोणी जात-येत नाही म्हटल्यावर थर्मोस्टॅटने ठरवलं, घर रिकामं आहे, आणि तापमान १६ वर आणून ठेवलं. "अगं, मी जिवंत आहे हे त्याला कोणी सांगायचं?" त्यांनी विचारलं. मी ती आपोआप 'बाहेर गेले' म्हणणारी सोय बंद केली. पुढे त्याच कंपनीचा छोटा सेन्सर त्यांच्या खोलीत ठेवला, तेव्हा कुठे ती परत चालू केली. ज्या घरात दिवसभर कोणी शांत बसलेलं असतं तिथे ही सोय जपूनच वापरावी.

नवऱ्याची सवय मोडायला जास्त दिवस लागले. बाहेरून आला की तो थेट २८ करायचा, "लवकर तापेल" म्हणून. आमच्यासारखा साधा फर्नेस एक तर चालू असतो नाहीतर बंद. २१ मागा की २८, तो तापवतो त्याच वेगाने. फरक इतकाच की २८ सांगून विसरलात तर तो २१ वर थांबत नाही.

वेळापत्रक मात्र मी स्वतः भरलं. दिवसा २०, रात्री १६. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशोब असा की रोज आठ तास तापमान साधारण ४ ते ५.५ अंशांनी खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होते. आमचं बिल उतरलं, पण तो हिवाळाही सौम्य होता, तेव्हा श्रेय कोणाचं यावर मी पैज लावणार नाही. माझ्या बहिणीकडे फर्नेसऐवजी हीट पंप आहे, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र, तिला मी हे वेळापत्रक जसंच्या तसं दिलं नाही. हीट पंपला सकाळी एकदम चार अंश चढायला सांगितलं तर मदतीला विजेचा कॉइल पेटतो आणि रात्रीची बचत तिथेच खर्च होऊ शकते.

पहाटे पाचला फर्नेस सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा मी दचकून उठले. मी सहाची वेळ दिली होती. त्याने आठवडाभरात आमच्या घराला तापायला किती वेळ लागतो हे मोजलं होतं, आणि सहाला २० हवेत म्हणून तो आधीच कामाला लागला होता. सहाला उठून फरशीवर पाय टेकला. मग जरा वेळ तिथेच अनवाणी उभी राहिले.

उन्हाळ्यात एसीची परीक्षा झाली. मी एकदा चालू केला, चुकून बंद केला, परत चालू केला, आणि मग काहीच होईना. मी मल्टिमीटर आणायला उठलेच होते. मग लक्षात आलं, कॉम्प्रेसर बंद होऊन लगेच सुरू झाला तर त्याच्यावर ताण येतो, म्हणून थर्मोस्टॅट मुद्दाम काही मिनिटं थांबवून ठेवतो. सासूबाई पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. आम्ही दोघी त्या काळ्या काचेकडे बघत राहिलो. पाचव्या मिनिटाला आतून बारीकसा 'टक' आवाज आला आणि बाहेर कॉम्प्रेसर घुमू लागला.

"बोलला एकदाचा," त्या म्हणाल्या आणि पुस्तक उघडलं.