गोव्याहून लहान देश मुलांना दाखवताना

गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, युरोपातला लक्झेंबर्ग देश २,५८६. एवढं सांगितलं की मुलं विचारतातच, मग हा देश कसा? त्यांचा राजप्रमुख ग्रँड ड्यूक, त्यांची संसद आणि त्यांची लक्झेंबर्गिश भाषा, हे उत्तर पुरतं. 'मोयेन' म्हणजे नमस्कार, सकाळ असो की रात्र. तेवढा शब्द निघण्यापूर्वीच पाठ करून घ्या. दुकानातल्या पाट्या मात्र बहुतेक फ्रेंचमध्ये असतात, तेव्हा मुलं गोंधळली तर नवल नाही.

सुरुवात किल्ल्यापासून करू नका. लक्झेंबर्ग शहर दरीच्या वर आणि दरीत असं दोन मजल्यांवर वसलंय, ते आधी मुलांच्या पायांना कळू द्या. वरच्या गावातल्या पेस्कातोर बागेतून ७१ मीटर उंचीची काचेची लिफ्ट दरीतल्या फाफेंटालला उतरते. खाली पोचलं की थोडं चालून रेल्वे स्टेशन, तिथून फ्युनिक्युलरने, म्हणजे उतारावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने, किर्शबर्गच्या पठारावर आणि परत ट्रामने लाल पुलावरून गावात. याच पुलाखाली आपण मघाशी उभे होतो, हे मुलांना पुलावर असतानाच दाखवा. या साऱ्याला एक पैसा लागत नाही: १ मार्च २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग फुकट आहे. पहिल्या वर्गाला तिकीट लागतं आणि सीमेपलीकडच्या प्रवासालाही. जर्मनीतल्या ट्रिअरच्या गाडीत फुकटचं समजून बसणारे इथेच फसतात.

मग बॉकचे केसमेट्स, म्हणजे खडक पोखरून केलेले किल्ल्याचे बोगदे. तिकीट आहे. जिने अरुंद, गोल आणि ओलसर, त्यामुळे बाबागाडी बाहेरच ठेवावी लागते. लहानग्याला कडेवर घेऊन उतरणं अवघड जातं, म्हणून चार-पाच वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं आमचं मत. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर घ्याच.

दुसरा दिवस शेंगेनला द्या. मुलांच्या पासपोर्टवरचा व्हिसा उघडून त्यावरचं 'शेंगेन' बोटाने वाचायला लावा. ते मोझेल नदीकाठच्या या छोट्या गावाचं नाव आहे. १४ जून १९८५ रोजी इथे नदीतल्या बोटीवर देशांमधली सीमेवरची तपासणी हटवण्याचा करार झाला. पूल चालत ओलांडला की जर्मनीतलं पेर्ल, आणि त्याच काठाने दक्षिणेला गेलं की फ्रान्स. जर्मनी अलीकडे सीमेवर तपासणी करते, त्यामुळे तो पासपोर्ट हॉटेलवर ठेवून निघू नका.