तुम्ही विचारलंत म्हणून: त्या टायलोसॉरसला पाठ का नाही?

गडद निळ्या टी-शर्टावर मी काढलेला टायलोसॉरस हा प्राचीन समुद्री प्राणी पाहून बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि एकच विचारतात. पोट आहे, जबडा आहे, वल्ह्यांसारखे पाय आहेत, शेपटी आहे; मग पाठ कुठे गेली? छापताना शाई उतरली नाही का? तर, पाठ आहे. ती छापलेली नाही, एवढंच. शर्टाचं कापड हीच त्याची पाठ.

टायलोसॉरस हा डायनोसॉर नव्हे. तो मोसासॉर कुळातला, म्हणजे घोरपडी आणि सापांच्या गोतावळ्यातला समुद्री सरडा. लांबी बारा-तेरा मीटरपर्यंत. सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र पसरलेला होता, तिथे तो राहायचा. आजच्या कॅन्ससमधल्या खडूच्या खडकांत त्याचे सांगाडे मिळतात. साउथ डाकोटात सापडलेल्या एकाच्या पोटात तर मासे, शार्क, एक पाणपक्षी आणि एक लहान मोसासॉर, इतक्यांचे अवशेष एकत्र मिळालेत. असा प्राणी काढायचा म्हटलं की हात आधी जबड्याकडेच वळतो.

माझाही वळला. पहिल्या चित्रात तोंड पूर्ण उघडं होतं, दात पुढे आलेले आणि मानेपासून शेपटीपर्यंत काट्यांची झालर. ती झालर मी जुन्या चित्रांतून उचलली होती. ती आली कुठून, हे शोधायला गेले तेव्हा कळलं की ती मुळात नव्हतीच. जीवाश्मशास्त्रज्ञ सॅम्युअल विलिस्टन यांना १८९८ साली प्लेटेकार्पस या दुसऱ्या मोसासॉरच्या जीवाश्मात मानेजवळ काही खुणा दिसल्या. त्यांनी त्या पाठीवरच्या झालरीच्या म्हणून नोंदवल्या. प्रत्यक्षात त्या श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या होत्या. त्यांनी १९०२ साली स्वतःच ही चूक मान्य केली. पण तोवर प्राचीन प्राण्यांचे चित्रकार चार्ल्स नाइट यांच्या चित्रातला टायलोसॉरस झालरीसकट लोकांच्या डोळ्यांत बसला होता. शास्त्रज्ञाने चूक सुधारली, चित्रकारांनी मात्र ती पुढची कित्येक वर्षं गिरवली. हे वाचल्यावर मी झालर त्याच दिवशी पुसली आणि ठरवलं, पुराव्याशिवाय या प्राण्याच्या अंगावर काहीही चढवायचं नाही.

मग प्रश्न आला रंगाचा. जीवाश्मशास्त्रज्ञ योहान लिंडग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मोसासॉरच्या जीवाश्म झालेल्या त्वचेत गडद रंगद्रव्याचे, म्हणजे मेलॅनिनचे, अवशेष दाखवून दिले. त्वचा गडद होती हा पुरावा. पाठ गडद आणि पोट फिकट असावं, हा आजच्या समुद्री प्राण्यांवरून बांधलेला अंदाज. मला तो मनापासून पटतो, आणि त्याचं कारण चित्रकलेतलं आहे. आपण चित्र काढायला शिकतो तेव्हा पहिला धडा असतो: उजेड वरून येतो, म्हणून वस्तूची वरची बाजू उजळ ठेवा आणि खालची काळवंडू द्या, की तिला गोलाई येते. मासा असो की शार्क, निसर्ग नेमका उलटा रंग देतो. वर गडद, खाली फिकट. वरून पडलेला उजेड आणि अंगाचा रंग एकमेकांना खोडतात, गोलाई मरते आणि प्राणी पाण्यात विरतो. वरून पाहणाऱ्याला तो तळाच्या अंधारासारखा दिसतो, खालून पाहणाऱ्याला पृष्ठभागाच्या उजेडासारखा.

म्हणजे जो दिसू नये म्हणून असा रंगला, तोच मला लोकांच्या छातीवर दाखवायचा होता.

उत्तर छपाईत मिळालं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई जाळीतून कापडावर दाबतात, आणि प्रत्येक रंगाची स्क्रीन, म्हणजे जाळी, वेगळी. गडद कापडावर तर फिकट रंग उठून दिसावा म्हणून खाली आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. पहिल्या नमुन्यात पाठसुद्धा छापली होती, काळपट निळ्या शाईत, खाली पांढरा थर देऊन. शर्ट अंगात घातला तर छातीवर रबराचं ठिगळ लावल्यासारखं कडक लागत होतं, आणि निळ्यावर निळा बसून पाठ धड दिसतही नव्हती. मी ती शाई काढून टाकली. पाठ कापडात विरली, खाली पोट आणि जबड्याची कड तेवढी उजळ राहिली. पाण्यात तो जसा दिसत असेल, तसाच तो कापडावर आला. तो क्षण मला अजून आठवतो.

अडचण राहिली कुशीवर, जिथे फिकट संपून गडद सुरू होतो. तिथे शाईचे ठिपके बारीक होत होत नाहीसे व्हायला हवेत. पण फार बारीक ठिपके स्क्रीनवर टिकत नाहीत. कुशीवर मधेच आखल्यासारखी रेघ दिसायला लागली. शेवटी ठिपक्यांऐवजी मी खवले वापरले. निसर्गअभ्यासक फ्रान्सिस स्नो यांनी १८७८ साली वर्णन केलेल्या मोसासॉरच्या त्वचेवर शंकरपाळ्याच्या आकाराचे खवले आहेत, प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक उठलेली रेघ. पोटाकडे दाट, वर विरळ, मग एखादाच, मग नुसतं कापड. खरे खवले जेमतेम काही मिलिमीटरचे होते. त्या प्रमाणात काढले असते तर शर्टावर दिसलेच नसते. ते मोठे केले आहेत. एवढी एक सूट मी जाणूनबुजून घेतली.

तोंड मिटलेलं का, हेही विचारलं जातं. त्याच्या मुस्कटाच्या टोकाला दात नाहीत, नुसतं पुढे आलेलं हाड आहे. ओळख तिथेच पटते. जबडा उघडला की नजर तिथे पोचतच नाही.

शेपटीचं पातं मात्र मी कुणी विचारलं नाही तरी दाखवते. २०१३ साली वर्णन झालेल्या, जॉर्डनमधल्या प्रोग्नॅथोडॉन या त्याच्या भाऊबंदाच्या जीवाश्मात पात्याचा मऊ भागही उमटलेला मिळाला. शार्कच्या शेपटीत कणा वरच्या फाट्यात जातो. मोसासॉरमध्ये तो खाली वाकून खालच्या फाट्यात गेलाय. म्हणून माझ्या चित्रात खालचा फाटा लांब आहे.

आता पांढऱ्या शर्टासाठी विचारणा होते आहे. हेच चित्र तिथे चालणार नाही, कारण कापड पोटाचा रंग घेईल. पाठ छापायची आणि पोट मोकळं सोडायचं, खवल्यांची ओळ उलटी लावायची. वरून दाट, खाली विरळ. कुशीपर्यंत काढून झालंय.