लॅटेक्सची बाटली उघडण्यापूर्वी: एका एकांकिकेच्या रंगभूषेचा अनुभव

आमच्या ठाण्यातील हौशी नाट्यसंस्थेने गेल्या हंगामात स्पर्धेसाठी जी एकांकिका बसवली, तिच्यात रंगभूषेची तीन कामे नेहमीच्या साहित्याने भागणारी नव्हती. एका तरुणाच्या गालावर आणि मानेवर भाजल्याचे जुने व्रण हवे होते, पंचविशीतल्या अभिनेत्रीला ऐंशी वर्षांची आजी करायचे होते आणि शेवटच्या प्रवेशासाठी वेताळाचा पूर्ण मुखवटा हवा होता. या तिन्ही कामांना द्रव लॅटेक्स उपयोगी पडते, हे मी रंगभूषा शिकताना पाहिले होते. मात्र तालमींच्या धामधुमीत, एका छोट्या खोलीत, हौशी कलाकारांच्या कातडीवर ते वापरायचे तर काय आधी आणि काय नंतर, हे मला स्वतःच ठरवावे लागले. तो क्रम इथे सविस्तर लिहीत आहे, कारण लॅटेक्सने जखम कशी करावी हे दाखवणारे पुष्कळ भेटतात आणि ते कोणाला लावू नये हे सांगणारे फार थोडे.

द्रव लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यतः केरळात निघतो आणि रबर बोर्डाचे मुख्यालयही तिथेच, कोट्टायमला आहे. झाडाच्या सालीवर खाप देऊन गोळा केलेला चीक यंत्रात फिरवून दाट केला, की त्यात सुमारे ६० टक्के रबर उरते आणि बाकी बहुतांश पाणी. तो नासू किंवा साकळू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. बाटली उघडताच नाकाला झोंबणारा दर्प त्याचाच असतो. त्वचेवर लावल्यावर पाणी उडून जाते, रबराचे कण एकमेकांना धरतात आणि दुधासारखा पांढरा थर हळूहळू पारदर्शक, किंचित पिवळसर होतो. यात धोके दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. अमोनियाचा त्रास उघड्या खिडकीने आणि थोड्या धीराने पुष्कळ कमी करता येतो. रबरातील प्रथिनांची ज्याला ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत मात्र खिडकी, पंखा किंवा खाली लावलेले व्हॅसलीन यांपैकी कशाचाही उपयोग नाही. त्याला लॅटेक्सपासून दूर ठेवणे हा एकच मार्ग आहे.

ही ॲलर्जी म्हणजे केवळ खाज आणि पुरळ नव्हे. काहींना रबरात मिसळलेल्या रसायनांमुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली आणि खाज येते, ती त्रासदायक असली तरी बहुधा त्वचेपुरती राहते. प्रथिनांची ॲलर्जी मात्र काही मिनिटांत अंगावर गांधी उठवू शकते, ओठ आणि डोळे सुजवू शकते, श्वास अडवू शकते आणि क्वचित जिवावर बेतू शकते. ही प्रथिने हातमोज्यांतील पावडरीला चिकटून हवेत पसरतात, हे अमेरिकेने २०१७ पासून पावडर लावलेल्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी घालण्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. रंगभूषेच्या खोलीत आपण वाळलेल्या लॅटेक्सवर पावडर मारतो, म्हणजे नेमके तेच करतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

म्हणून साहित्य विकत आणण्याआधी मी संचातल्या प्रत्येकाशी, अगदी प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाशीही, एकेकट्याने बोलले. फुगे फुगवल्यावर ओठ चुरचुरतात का, दाताच्या डॉक्टरांनी हातमोजे घालून तपासल्यावर तोंडाला खाज सुटली होती का, केळे, किवी किंवा ॲव्होकॅडो खाल्ल्यावर घसा खवखवतो का, दमा किंवा इसब आहे का, लहानपणापासून बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या आहेत का, असे ते प्रश्न होते. फळांचा प्रश्न ऐकून काहींना नवल वाटले. पण या फळांतील काही प्रथिने रबराच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असल्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही असण्याची शक्यता वाढते. सगळ्यांसमोर विचारले असते तर कोणी खरे सांगितले नसते, कारण भूमिका हातची जाईल ही भीती प्रत्येक नटाला असतेच.

ज्याला भाजल्याचे व्रण करायचे होते तोच मुलगा म्हणाला, "ताई, भाचीच्या वाढदिवसाला फुगे फुगवले की माझे ओठ जाड होतात, पण तासाभरात उतरतात. त्यात काय एवढं?" मी त्याला म्हटले, "अरे, हे तू कोणत्याही डॉक्टरांना सांगितलं आहेस का?" त्याने सांगितले नव्हते. नौपाड्यातील त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याला पाठवले. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली, रक्ताची चाचणी केली आणि लॅटेक्स टाळायचे, शिवाय पुढे कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर हे आधी सांगायचे, असे लिहून दिले. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे: ज्याच्या उत्तरात अशी एकही खूण आढळते, त्याच्या हातावर थेंब लावून बघू या, असे म्हणू नये. थेंब लावून बघणे हे ज्यांची सगळी उत्तरे नकारार्थी आहेत त्यांच्यासाठीच आहे आणि तेही संपूर्ण खात्री देत नाही, कारण रबराशी वारंवार संबंध आल्यावर ही ॲलर्जी नव्यानेही जडू शकते.

त्याचे व्रण मी जिलेटिनने केले. जिलेटिन प्राण्यांपासून काढलेले असते, म्हणून त्याला ते चालेल का हे आधी विचारले. जिलेटिन, ग्लिसरीन आणि थोडे पाणी एकत्र करून गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात विरघळवायचे, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून कोमट असल्याची खात्री करायची आणि मगच चेहऱ्यावर पसरायचे. घामाने आणि दिव्यांच्या उष्णतेने ते सुटू लागते हे खरे. पण त्याचा प्रवेश छोटा होता आणि भाजलेल्या कातडीची ती ओलसर चकाकी जिलेटिनला लॅटेक्सपेक्षा अधिक चांगली येते, असे माझे मत झाले आहे. त्याचे ब्रश, स्पंज आणि पावडरचा डबा वेगळा ठेवला आणि त्याची रंगभूषा वेगळ्या खोलीत, इतरांच्या आधी उरकली. मी स्वतः नायट्राइलचे, म्हणजे लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे, हातमोजे वापरले.

लॅटेक्स घेताना ते त्वचेसाठीच बनवलेले आहे, असे बाटलीवर छापलेले पाहूनच घेतले. गणपतीच्या मूर्तींसाठी रबरी साचे करणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी आपल्या कॅनमधले लॅटेक्स आपुलकीने देऊ केले होते. परंतु साच्यांसाठीच्या लॅटेक्समध्ये अमोनिया आणि इतर द्रव्ये किती आहेत हे कातडीचा विचार करून ठरवलेले नसते, म्हणून ते मी नम्रपणे नाकारले. बाटली हलवून फेस करायची नाही, हळूच कलती करून लागेल तेवढेच प्लास्टिकच्या वाटीत काढायचे. घरातली तांब्या-पितळेची वाटी घेऊ नये. तांब्याच्या संपर्काने रबर लवकर खराब होते.

आजीच्या भूमिकेतील अभिनेत्रीच्या कोपराच्या आतल्या बाजूला नखाएवढा ठिपका लावून, तो वाळवून काही तास ठेवला आणि काढल्यानंतरही दोन दिवस ती जागा पाहत राहिलो. काही झाले नाही, तेव्हा पुढचे काम सुरू केले. भुवया, कानाजवळची लव आणि केसांची कड यांवर व्हॅसलीनचा जाड हात फिरवला, कारण लॅटेक्स केसांत एकदा धरले की केसांसकटच निघते. पापण्या, ओठ आणि नाकपुड्यांच्या आतल्या बाजूला ते लावायचेच नाही. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या मी पेन्सिलीनेच काढल्या. मग माझ्या मदतनीस मैत्रिणीने तिच्या गालाची कातडी कानाकडे ताणून धरली आणि मी स्पंजचा तुकडा लॅटेक्समध्ये जेमतेम बुडवून टिपत गेले. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून, थर पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वाळवला, मोठ्या ब्रशने हलकेच पावडर लावली आणि मगच ताण सोडायला सांगितले. ताण सुटताच आखडलेल्या थराखाली गालाला बारीक, आडव्या-उभ्या, खऱ्या वाटणाऱ्या सुरकुत्या पडल्या. तिने आरशात पाहून गालावरून अलगद बोट फिरवले आणि आजीच्याच आवाजात पहिले वाक्य म्हटले. पावडर विसरली तर थर थराला चिकटतो आणि सगळे काम गोळा होते. वरून पाण्यातले रंग लावले, कारण तेलकट रंगांनी लॅटेक्स सैल पडते.

वेताळाच्या मुखवट्यासाठी नटाच्या चेहऱ्याचा साचा घेण्याचा विचार मी सुरुवातीलाच सोडून दिला. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना चांगलेच तापते आणि थेट कातडीवर, विशेषतः जाड थरात, भाजू शकते; चेहऱ्यावर तर श्वासाचाही प्रश्न येतो. त्याऐवजी प्लास्टिकच्या डोक्याच्या आकारावर शाडूने वेताळाचा चेहरा घडवला. मापे टेपने घेऊन तो थोडा मोठाच केला, कारण वाळताना लॅटेक्स आकसते. त्यावरून प्लास्टरचा दोन भागांचा साचा काढला. साच्याला आतून तेल किंवा साबण लावायचा नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्लास्टरने लॅटेक्समधले पाणी शोषून घेतले तरच त्याच्या भिंतीवर रबराची साय धरते. लॅटेक्स ओतून साचा सगळीकडून फिरवला, साय पुरेशी जाड झाल्यावर उरलेले परत ओतून घेतले आणि साचा पंख्याखाली ठेवला. हे काम खिडक्या उघडून केले, कारण एवढ्या प्रमाणात ओतलेल्या लॅटेक्सचा अमोनिया चेहऱ्यावरच्या ठिपक्यासारखा नसतो. ठाण्याच्या दमट हवेत ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच सावकाश वाळले; कान आणि नाकाच्या खोलगट भागांत पांढरेपणा दिसत होता तोवर हात लावला नाही.

साच्यातून सोडवताना आतून पावडर मारत मारत मुखवटा काढला, मग कोमट पाण्यात भिजवून पाणी बदलत धुतला. त्याने अमोनिया आणि पाण्यात विरघळणारी काही प्रथिने निघून जातात. नाकपुड्या आणि तोंड मोठे कापले, डोळ्यांची भोके नटाला रंगमंचाची कड दिसेल इतकी रुंद केली, आतून सुती कापडाचे अस्तर लावले आणि मानेशी तो सैल ठेवला. नटाला तो एका हाताने, कोणाच्याही मदतीशिवाय, अंधारात काढता आला पाहिजे, अशी अट मी घातली आणि शेवटच्या तालमींत त्याच्याकडून तसे करवून घेतले. दिग्दर्शकांना मुखवटा अधिक घट्ट, अधिक भयंकर हवा होता. मी मानले नाही आणि त्यांनीही पुढे आग्रह धरला नाही.

प्रयोग डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये होता. वाळलेले लॅटेक्स पेट घेते, म्हणून पडदा उघडण्यापूर्वीच्या रंगमंच पूजेला आजी आणि वेताळ दोघांनाही निरांजन आणि उदबत्तीपासून दूर, मागच्या रांगेत उभे केले. वेताळाच्या नटाला आदल्या दिवशीच दाढी करायला सांगितले होते, म्हणजे त्या दिवशीच्या ताज्या ओरखड्यांवर घाम आणि रबर चुरचुरणार नाही. मुखवटा प्रवेशाच्या अगदी आधी घातला आणि विंगेत येताच उतरवला.

प्रयोगानंतर आजीचा थर ओढून काढायची घाई केली नाही. कडांना खोबरेल तेल चोळले, तेलाने सैल झालेली कड बोटाने गुंडाळत आणली, जिथे अडली तिथे पुन्हा तेल आणि कोमट साबणाचे पाणी लावले. पावडर लागलेल्या पट्ट्या झटकल्या नाहीत, तिथेच पिशवीत बांधल्या, कारण भाजल्याचे व्रण असलेला मुलगा त्याच मजल्यावर सामान आवरत होता. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून, उन्हापासून दूर, फ्रीजच्या बाहेर ठेवली. मुखवटा आत कागद भरून, पावडर लावून खोक्यात ठेवला आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले: "आत नैसर्गिक रबर आहे. घालण्यापूर्वी ॲलर्जीबद्दल विचारा."