आमची वाटचाल : कोरड्या गावात खाऱ्या पाण्याचा धंदा

समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या वर आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. अशा सोलापुरात लोकांच्या दिवाणखान्यात समुद्र सांभाळायचा धंदा काढतोय म्हटल्यावर सासऱ्यांनी जेवता जेवता विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय विकणार?" आज ते स्वतःच पाहुण्यांना सांगत असतात, आमचे जावई रीफवाले म्हणून. रीफ म्हणजे मासे, दगड आणि जिवंत कोरल (प्रवाळ) असलेली खाऱ्या पाण्याची टाकी.

सुरुवात 2008 साली नवी पेठेतल्या एका बोळात झाली. दुकान आठ बाय दहाचं, त्यात गोल्डफिश आणि फ्लॉवरहॉर्न. फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरचा टेंगूळ जितका मोठा तितकी बरकत, असं लोक मानायचे आणि आम्ही नाही म्हणायचो नाही. एक भागीदार होता. नाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे. मासे आणायला तो मुंबईला क्रॉफर्ड मार्केटला जायचा आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परत यायचा. सकाळी स्टेशनवर थर्माकोलचे खोके उतरवून घ्यायला मी रिक्षा घेऊन हजर. आता तो काहीही सांगत फिरो, त्या दिवसांत आमच्यात रुपयाचाही हिशेब राहिला नव्हता.

खाऱ्या पाण्यात आम्ही 2014 मध्ये उतरलो, तेही एका गिऱ्हाइकामुळे. अशोक चौकाकडे चादरीचा कारखाना असलेले एक साहेब मुंबईला एक मत्स्यालय बघून आले आणि म्हणाले, "मला असलं घरात पाहिजे." सहा बाय दोन बाय दोन फुटाची टाकी, बारा एमएमची काच, खाली संप (गाळणीची जोडटाकी), त्यात पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर, बाहेर पाणी गार ठेवणारा चिलर. साहेबांनी क्लाउनफिशची जोडी स्वतः निवडली. तीन वर्षांनी साहेब गेले. टाकी काढायची का, हे विचारायला गेलो तर त्यांच्या बायको म्हणाल्या, "काढायची कशाला रे? तू महिन्याला येतोस ना, येत जा." त्या तेलुगू घरातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही.

आता भागीदाराचं. रीफला नळाचं पाणी चालत नाही. आरओ गाळणी, त्यापुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन, आणि पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय त्यात मीठ घालायचं नाही. पण शंभर लिटर चांगलं पाणी काढायला तीनशे लिटर वाया जातं. 2018 च्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब होती आणि पाणी बनवायचं काम भागीदाराकडे होतं. एप्रिलपासून आमच्या चार टाक्यांत दगडांवर तपकिरी साय धरायला लागली, मग केसाळ शेवाळ. अक्कांच्या टाकीतलं लेदर कोरल मिटलं ते उघडेचना. मी लाइट बदलले, खाणं कमी केलं, रात्र रात्र स्किमर बघत बसलो.

एक दिवस गोडाउनमध्ये सहज रेझिनच्या नळकांड्याकडे लक्ष गेलं. रंग बदलणारं रेझिन होतं. संपत आलं की खालून वर तपकिरी होत जातं, आपल्या पाण्याला तर फार दिवस टिकतच नाही. तीन महिन्यांपूर्वी मी स्वतः भरलेलं ते रेझिन पहिल्या दिवसासारखं निळं होतं. त्यातून थेंबही गेला नव्हता. शेजारच्या कॅनमध्ये मीटर बुडवला, आकडा 900 च्या पुढे. टँकरचं बोअरचं पाणी! काळ्या दगडातून आलेलं, क्षार, नायट्रेट, सिलिका, सगळं त्यात. त्याच्यातच मीठ कालवून तो टाक्यांत ओतत होता.

विचारलं तर म्हणाला, "गावाला प्यायला नाही आणि आपण माशांसाठी गटारात सोडायचं?" या वाक्यात तथ्य होतं, म्हणून तर जास्त राग आला. वाया जाणारं पाणी धुण्याला, संडासाला वापरता येतं, मी आजही तेच करतो. तू मला सांगायचं होतंस, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

तो वेगळा झाला आणि दोन महिन्यांत समोरच्याच रस्त्यावर दुकान थाटलं. गावभर सांगितलं की टाक्या माझ्या हातून बिघडल्या. अकरा गिऱ्हाइकांतली सात गेली. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, चिलरवाल्याचे हप्ते थकले. भागीदाराकडे काय काय कोरल विकायला होतं ते मी पाहिलंय. आपल्या किनाऱ्यावरचं कठीण कोरल 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. आम्ही मऊ कोरलपलीकडे गेलो नाही: झोआ, मशरूम, लेदर. स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका, नंतर कोण विचारायला येईल सांगता येत नाही. आणि धाकट्या भावासारखा असला तरी भागीदारीचा कागद करा. आम्ही केला नव्हता.

अक्का हलल्या नाहीत. त्याने दोनदा त्यांच्या घरी माणूस पाठवला. अक्का म्हणाल्या, "चहा देऊन घालवला. पाणी घाण कुणी केलं ते मासे सांगत नाहीत, पण मिटलेलं कोरल कुणी उघडलं ते मी बघितलंय." शेवाळ टूथब्रशने घासत, दर आठवड्याला शंभर लिटर पाणी बदलत ती टाकी मी पाच महिन्यांत वर आणली होती.

पुढची वर्षं बरी गेली. लॉकडाउनमध्ये पास काढून टाक्या केल्या, पाटल्या सुटल्या.

मग अक्कांनी जुना वाडा विकून जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पुण्यातल्या मुलाला टाकीची कटकट नको होती. निदान स्वस्तात तरी करा म्हणून त्याने टाकी हलवायचा दोघांकडून भाव मागवला. भागीदाराचा भाव आठ हजार, माझा चाळीस. अक्कांनी मुलाला काय सांगितलं माहीत नाही, काम मला मिळालं.

सगळ्यात आधी मी इंजिनिअर नेला. घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो वापराचा भार धरून काढतात. आणि ही टाकी पाणी, काच, दगड धरून टनाच्या आसपास, ती पण एक चौरस मीटरभर जागेत. बीम कुठून जातो ते बघून भिंतीलगत, बीमवर आडवी जागा ठरली. पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवायचा मुलाचा आग्रह होता, तो मी मोडला. दुपारचं ऊन येतं तिथे टाकी ठेवली की शेवाळही वाढतं आणि चिलरचं बिलही.

उन्हाळ्यात हलवायला मी साफ नकार दिला. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर दिवस धरला. आदल्या दिवशी फ्लॅटमध्ये साडेतीनशे लिटर आरओ पाण्यात तेरा किलो मीठ कालवून पंप सोडला. पहाटे रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या नळीत, पाहिलं, क्षारता 35, समुद्राइतकी. हा रिफ्रॅक्टोमीटर 2014 चा, टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून खिशात असतो. काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायचा, निळं-पांढरं जिथे मिळतं तो आकडा. दर महिन्याला 35 च्या द्रावणाने तपासा, डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

पाच वाजता काम सुरू केलं. जुनं पाणी वीस लिटरच्या वीस जारमध्ये. कोरलचे दगड पाण्यासकट टबात, बाकीचे क्रेटमध्ये ओल्या कागदाखाली. ॲनिमोनचा, म्हणजे क्लाउनफिश ज्यात राहतात त्या फुलासारख्या जिवाचा, पाय दगडाला चिकटलेला, तो ओढायचा नसतो, दगडच उचलायचा. मासे शेवटी. दगड निघाले आणि पाणी चार बोटांवर आलं की जाळीत आपोआप येतात, आधी मागे लागलात तर दुपार होते. प्रत्येक टबात सेलवरचा एअरपंप.

वाळू मी फेकली. इथेच लोक फसतात. वर्षानुवर्षं बसलेली वाळू ढवळली की खालून काळा थर आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. ते विष नव्या पाण्यात गेलं की संध्याकाळपर्यंत सगळं आडवं. दोन मग वरची वाळू बियाण्याला, म्हणजे तिच्यातले चांगले जिवाणू नव्या वाळूत रुजायला, ठेवली. बाकीची अक्कांनी तुळशीला मागितली, नको म्हटलं, मीठ आहे त्यात.

रिकामी काच एकशेवीस किलो, लिफ्टमध्ये मावेना. सुताच्या गाठी उचलणारे सहा हमाल बोलावले होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काच धरायचा एक व्हॅक्यूम कप धुळीने सुटला आणि काच कठड्याकडे कलली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागून अक्का ओरडल्या, "खाली चादरी घाला रे!" टेम्पोतल्या सामानात त्यांच्याच कारखान्याच्या चादरी होत्या. चार चादरींची झोळी करून हमालांनी टाकी गाठीसारखी वर नेली. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या होत्या, मी मोजल्यात.

रात्री नऊला पाणी स्वच्छ दिसलं. माशांना विष असलेला अमोनिया सकाळ-संध्याकाळ असा दहा दिवस तपासला, चाचणीचा रंग एकदाच किंचित हिरवट आला. एक रास मासा गेला, तो मी बिलातून कापला. साहेबांची क्लाउनची जोडी तिसऱ्या दिवशी ॲनिमोनमध्ये परत शिरली, त्याचा फोन अक्कांनी मला पहाटे सहाला केला.

गेल्या महिन्यात समोरच्या दुकानातला पोरगा आला. रेझिन आहे का, अर्धा किलो, मालकांनी मागितलंय. कशाला, ते विचारलं नाही. पुड्यात बांधून दिलं, पूर्ण भावाने, रोख. पाच रुपये सुटे नव्हते त्याच्याकडे. म्हटलं, जा, घेऊन ये.