सरपंच गेला का टिकला?

भाची सध्या स्पॅनिश शिकून राहिली आहे, अन् तिच्यामागे आम्ही सगळे. त्यात खरी गंमत ओळखीच्या वाटणाऱ्या, पण अर्थ भलताच असणाऱ्या शब्दांची. एम्बारासादा हा शब्द इंग्रजी येणाऱ्यानं ऐकला की त्याला वाटतं बाई ओशाळली असेल बिचारी, तर तिकडे ती असते चक्क गरोदर! अन् स्पेनमध्ये कोणी कॉन्स्तिपादो आहे म्हणालं तर इसबगोल काढून द्यायची घाई करू नका, त्याला फक्त सर्दी झालेली असते. हा मला जाम आवडला, कारण इंग्रजीतलं कॉन्स्टिपेटेड काय अन् स्पॅनिशमधलं कॉन्स्तिपादो काय, दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दातून आले, अर्थ कोंबून भरणं, मग इंग्रजांनी तो पोटाला लावला अन् स्पेनवाल्यांनी नाकाला, कुठंतरी चोंदल्याशी मतलब.

नागपूरकराला याचं काय नवल म्हणा. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशची राजधानी, कारभार हिंदी-मराठी दोन्हीत, अन् बर्डीच्या बाजारात आजही एकाच वाक्यात दोन्ही भाषा सापडतात. खाली म्हणजे रिकामं का तळाशी, शिक्षा म्हणजे शाळा का छडी, हे इथल्या पोट्ट्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

पण मला विचाराल तर हे हसवणारे शब्द अगदी गरीब, वाक्यात बसतच नाहीत म्हणून लगेच पकडले जातात. खरे डांबरट ते, जे गुपचूप बसून जातात. स्पॅनिशमधलं आक्तुआल्मेन्ते म्हणजे 'सध्या', इंग्रजीच्या सवयीनं आपण समजतो 'खरं तर'. आता "सध्या मी पुण्यात राहतो" काय अन् "खरं तर मी पुण्यात राहतो" काय, दोन्ही चालतात, कोणाला पत्ताच लागत नाही!

आपल्याकडे तसा राजीनामा. मुळात राजी असल्याचा कागद, एवढंच. मराठीत माणूस खुर्ची सोडायला राजी होतो, अन् तिकडे मध्य प्रदेशात, छिंदवाड्याच्या बाजूला हिंदीत, कोर्टात राजीनामा झाला म्हणजे दोन्ही पार्ट्या भांडण सोडायला राजी झाल्या, तडजोड झाली, केस मिटली. त्यामुळे सरपंचाच्या केसमध्ये राजीनामा झाला असं तिकडच्या पाहुण्यानं फोनवर सांगितलं तर सरपंच गेला का टिकला हे दोनदा विचारून घ्या भाऊ, मगच गावभर सांगा.